सूचना तीस, हात तीन

सप्टेंबर महिना आला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एक मोसम सुरू होतो. पंचांगात त्याची नोंद नाही. गणपती बहुधा पाण्यात गेलेले असतात, नवरात्र यायचे असते, आणि मधल्या एखाद्या रविवारी इमारतीच्या गच्चीवर नाहीतर जिन्यापुढच्या मोकळ्या जागेत भाड्याच्या खुर्च्या मांडल्या जातात. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा! कायद्याने ती ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी, म्हणून ती होते. सूचनापत्रावर वेळ सकाळी दहाची असते. पण त्याखाली बारीक अक्षरांत असेही छापलेले असते की, गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली तर ती अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरेल आणि तेव्हा गणसंख्येची अट उरणार नाही. ही तळटीप सगळ्यांना पाठ असते. त्यामुळे दहा वाजता सेक्रेटरी, खजिनदार आणि खुर्च्यावाल्याचा पोरगा एवढेच हजर असतात, आणि खरी सभा साडेदहाला सुरू होते.

मागच्या सभेचे इतिवृत्त, ताळेबंद, लेखापरीक्षकाची नेमणूक हे सारे पंधरा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणून निघून जाते. लाखांच्या हिशेबावर प्रश्न नसतो. मग येतो तो विषय, ज्यासाठी लोक खरे म्हणजे आलेले असतात : ‘माननीय अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय’. आणि सभेत एकदम जीव येतो. गच्चीवर सौर ऊर्जा बसवा. नको, आधी गळती थांबवा. वॉचमन बदला. कबुतरांसाठी जाळी लावा. मुलांना खेळायला जागा द्या, आणि त्याच दमात, मुलांचा दुपारचा दंगा बंद करा. दोन गाड्या असणाऱ्यांकडून दुप्पट पैसे घ्या. लिफ्टमध्ये आरसा लावा. मागे एकदा मी मोजल्या होत्या, पाऊण तासात तीस सूचना झाल्या होत्या.

त्यानंतर अध्यक्ष घसा खाकरतात आणि म्हणतात, ‘‘नवीन कमिटीसाठी नावे द्यावीत.’’ त्या क्षणी जी शांतता पसरते तिला तोड नाही. कुणाला चहाच्या कपात काहीतरी दिसू लागते. कुणाला अचानक पाहुणे येणार असल्याचे आठवते. शेवटी कुणीतरी उदारपणे म्हणतो, ‘‘आहे तीच कमिटी छान काम करते आहे की! तीच पुढे चालू द्या.’’ टाळ्या पडतात. कमिटी कागदावर अकरा जणांची असते, आणि त्या अकरांतले राबणारे तीन असतात.

मुलुंडच्या अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांच्या एका संस्थेत मी नऊ वर्षे सेक्रेटरी होतो, तेव्हा हे सगळे मी खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. हसण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. पण या हसण्याखाली एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्या बिल्डिंगपुरता नाही. चार लोकांनी मिळून, बिनपगारी, आपला कारभार आपण करायचा, अशी जिथे जिथे रीत आहे, तिथे तिथे तो आता उभा राहिला आहे. आपल्या घाटकोपरच्या गल्लीत तो आहे आणि साऱ्या जगाला एकत्र बांधणाऱ्या इंटरनेटच्या कारभारातही आहे.

प्रश्न असा की, सूचना करायला काहीच खर्च येत नाही आणि ती ऐकायला फार येतो.

पूर्वी सूचना करायलाही थोडे कष्ट पडत. कागद घ्यायचा, ‘मा. सचिव, स.न.वि.वि.’ असे लिहायचे, सही करायची आणि सेक्रेटरीच्या दारात नेऊन द्यायचा. तिथवर जाईपर्यंत निम्मा राग उतरे. दार उघडल्यावर वहिनींनी ‘‘बसा, चहा टाकते,’’ म्हटले की उरलेलाही उतरे. आता रात्री साडेअकरा वाजता, अंथरुणावर पडल्या पडल्या, व्हॉट्सॲपच्या गटावर एका अंगठ्याने लिहिता येते : ‘आपण सोलर का लावत नाही??’ अर्ध्या मिनिटाचे काम. तीन जण अंगठा वर करून दाखवतात आणि तो संस्थेचा जणू ठराव होतो. आता सेक्रेटरीच्या बाजूने पाहा. तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवायची. गच्चीचे जलरोधन पुन्हा करावे लागेल का, हे कुणा जाणत्याला विचारायचे. वीज कंपनीकडे खेटे घालायचे (मुलुंडला महावितरण, अंधेरी-बोरिवलीला अदानी, म्हणजे मेव्हण्याच्या बिल्डिंगमधला अनुभव इथे चालत नाही). पैसा कुठल्या निधीतून काढायचा हे ठरवायचे. वरच्या मजल्यावरच्यांची समजूत घालायची. तीन-चार महिन्यांच्या संध्याकाळी यात जातात, आणि तोवर ज्यांनी सूचना केली ते विसरूनही गेलेले असतात. किंवा विसरलेले नसतात, ते तर आणखी वाईट. ‘सोलरचे काय झाले? कमिटी झोपली आहे का?’ हा संदेशही रात्री साडेअकरालाच येतो.

घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनचे उदाहरण या संदर्भात मला फार बोलके वाटते. १९९७ च्या सुमारास त्या गल्लीतल्या रहिवाशांनी आपल्या कचऱ्याचा प्रश्न स्वतःच हाती घेतला. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, ओल्याचे खत इथल्या इथे, गल्ली झाडून लख्ख. महापालिकेतल्या अधिकाऱ्यांनाही ही कल्पना पटली आणि तिची योजना झाली. नाव थोडे भारदस्त होते, ‘ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’. लोकांच्या तोंडी ‘एएलएम’ एवढेच राहिले. साधारण हजारभर वस्तीचा एक रस्ता किंवा गल्ली, तिथल्या रहिवाशांचा एक गट आणि वॉर्ड ऑफिसातला एक नेमून दिलेला अधिकारी, अशी तिची रचना. पुढच्या काही वर्षांत मुंबईत असे गट शेकड्यांनी झाले. वांद्रे, अंधेरी, चेंबूर, मुलुंड, जिकडे तिकडे गल्लीच्या तोंडाशी एएलएमच्या पाट्या लागल्या.

जोशी लेनचे यश कशात होते? माझ्या मते ज्याने सुचवले त्याच्याच हातात बादली होती, यात. ‘कचरा वेगळा करा’ असे म्हणणाऱ्या माणसाला तो आपल्या ओट्यापासून वेगळा करावा लागत होता. त्यामुळे सूचना बेताच्या होत्या आणि हात पुरेसे होते. काम एकच होते आणि ते रोज सकाळी संपत होते.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ज्या गटाने कचरा उचलून दाखवला, त्याच्याकडे मग बाकीचे सगळे येऊ लागले. फेरीवाले, फुटपाथ, पार्किंग, झाडांच्या फांद्या, तुंबलेली गटारे, डास, खणून ठेवलेले रस्ते, मंडपाचे लाऊडस्पीकर. वॉर्ड ऑफिसालाही एक सोयीचा माणूस मिळाला, ‘एएलएमला विचारा’. गल्लीला वाटले, हे महापालिकेचे लोक आहेत. महापालिकेला वाटले, हे गल्लीचे लोक आहेत. मधल्या मध्ये चार-पाच निवृत्त गृहस्थ आणि तितक्याच गृहिणी फायली घेऊन फिरत राहिल्या. गुडघे दुखू लागले, कुणी मुलाकडे पुण्याला किंवा अमेरिकेला गेले, कुणी वारले. मागून तरुण कुणी आले नाही. आज पुष्कळ ठिकाणी पाटी आहे आणि गट नाही. अजूनही चांगले चालणारे गट आहेत, त्यांना नमस्कारच केला पाहिजे. पण त्यांच्या बैठकीला गेलात तर केसांचा रंग पाहून वय सांगता येईल.

यात आणखी एक भर पडली. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षे शहराला नगरसेवकच नव्हते. नगरसेवक काही करत नाही असे आपण म्हणतो, पण निदान तक्रार ऐकायला एक खुर्ची असते. ती रिकामी झाल्यावर ते ऐकणेही या बिनपगारी मंडळींच्याच गळ्यात पडले. त्याआधी, २ ऑक्टोबर २०१७ पासून, रोज शंभर किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आणि मोठ्या आवारांच्या संस्थांनी ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावावी, असा महापालिकेचा आग्रह सुरू झाला होताच. धोरण म्हणून ते योग्य होते, जोशी लेनची ती शिकवणच होती. फक्त जोशी लेनने ते आपणहून केले होते आणि इथे नोटीस आली. नोटीस कुणाच्या नावाने आली? सेक्रेटरीच्या.

आता कुणी म्हणेल, मग लोकांनी सूचना करूच नयेत की काय? तसे मला म्हणायचे नाही, आणि म्हणून चालणारही नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात इतक्या चुका निघाल्या की, हरकती आणि सूचनांचा आकडा साठ हजारांच्या वर गेला. अखेर एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदाच बाजूला ठेवायला लावला. पुढच्या वर्षी सुधारित मसुदा आला, त्यावरही ऐंशी हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये एकदाचा तो आराखडा लागू झाला. लोक बोलले नसते तर त्या चुका नकाशावरून जमिनीवर उतरल्या असत्या. पण ऐंशी हजार कागद म्हणजे काय, याची कल्पना करा. एकेका कागदाला दहा मिनिटे दिली आणि एका माणसाने रोज आठ तास न उठता वाचले, तरी साडेचार-पाच वर्षे लागतील. म्हणजे ते वाचणार कोण आणि कसे, हा प्रश्न लिहिणाऱ्यांनाही पडायला हवा. एकाच मजकुराच्या पाचशे प्रती काढून, खाली वेगवेगळ्या सह्या घेऊन आपण पाठवतो, तेव्हा आपल्याला जोर चढल्यासारखा वाटतो. पलीकडे मात्र त्या ढिगाखाली कुणा एकाची खरी, अभ्यासून लिहिलेली हरकत दबून जाते. आपल्याच शेजाऱ्याची.

नेमके हेच इंटरनेटच्या बाबतीत आपल्या देशात घडले. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, इंटरनेटवर कंपन्यांना भेदभाव करू द्यावा की नाही, याविषयी लोकांची मते मागवली. तरुण स्वयंसेवकांनी किचकट प्रश्नांची सोपी उत्तरे तयार करून दिली आणि दहा लाखांहून अधिक ई-मेल गेल्या. एवढ्या मतांचे काय करायचे, हे बहुधा ट्रायलाही सुचले नसावे. त्यांनी ती सगळी, पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट, जाहीर करून टाकली. मत मागितले आणि घरचा पत्ता चौकात लावला! त्याच वर्षाच्या डिसेंबरात ट्रायने पुन्हा चार नेमके प्रश्न विचारले. या वेळी सुमारे २४ लाख उत्तरे आली. त्यांतली बहुसंख्य उत्तरे ‘फ्री बेसिक्स’ या योजनेला पाठिंबा देणारी, एकाच साच्यातली होती, आणि विचारलेल्या चार प्रश्नांना त्यांत उत्तरच नव्हते, असे खुद्द ट्रायनेच म्हटले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय आला तो भेदभावाच्या विरुद्ध. तो देताना लाखांची बेरीज कामाला आली नाही. चार प्रश्न समजून घेऊन ज्यांनी मुद्दे मांडले, ते मुद्दे कामाला आले. पण ते मुद्दे त्या ढिगातून वेगळे काढावे लागले, आणि ढीग उपसणारे हात नेहमीच थोडे असतात.

तरी ट्राय ही पगारी मंडळी. इंटरनेटचा फार मोठा भाग अशा लोकांच्या जिवावर चालतो, ज्यांना त्याचे कुणी पैसे देत नाही, हे आपल्या घरातल्या फोनवर बोटे फिरवताना कुणाच्या ध्यानात येत नाही. मराठी विकिपीडियाचेच पाहा ना. १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी, तो सुरू झाला. आज हजारो लोक तो वाचतात आणि चुका दिसल्या की चुकचुकतात. त्या चुका निस्तरणारे, खोडसाळ मजकूर पुसणारे, नव्याने आलेल्याला नियम समजावणारे मोजकेच. आणि त्यांनाही दिवसा नोकरी असते.

अशा दमलेल्या माणसाचे काय होऊ शकते, याची एक गोष्ट २०२४ साली घडली. ती मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ती संगणकाची असली तरी मला ती थेट आपल्या गच्चीवरच्या सभेची वाटली. ‘एक्सझेड’ नावाचे एक छोटेसे सॉफ्टवेअर आहे. मोठ्या फायली आवळून लहान करणे एवढेच त्याचे काम. पण जगातल्या असंख्य सर्व्हर संगणकांत ते बसवलेले आहे. त्याची देखभाल वर्षानुवर्षे एक गृहस्थ फावल्या वेळात, विनामोबदला करत होते. त्यांच्याकडे सूचना आणि तगादे येत : हे अजून का झाले नाही, ते कधी करणार, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. २०२२ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले की, माझे मानसिक आरोग्य बरे नाही आणि हे बिनपैशाचे, हौसेचे काम आहे. तगादे लावणारी नावे कुणाच्या ओळखीची नव्हती. त्याच सुमारास एक जण मात्र फार समजूतदारपणे मदत करत होता. न कुरकुरता, दोन-अडीच वर्षे. साहजिकच हळूहळू किल्ल्या त्याच्या हाती गेल्या. आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याने त्या सॉफ्टवेअरमध्ये एक चोरदरवाजा बसवला. तो पूर्ण पसरला असता तर जगभरच्या संगणकांत त्याला मागच्या दाराने शिरता आले असते. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला आपल्या संगणकात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा केला, आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड झाला. अर्ध्या सेकंदावर निभावले!

तगादे लावणारी ती अनोळखी नावे आणि तो गुणी मदतनीस एकाच कटातले असावेत, असा जाणकारांचा कयास आहे. म्हणजे माणसाला आधी सूचनांनी दमवायचे आणि मग त्याच्या दमण्याचा फायदा घ्यायचा.

आपल्या उपनगरांत आज घरोघरी पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. शासनाने २००९ साली त्याची कार्यपद्धती ठरवून दिली, २०१९ साली ती सुधारली. सभासदांच्या लेखी सूचना मागवायच्या, वास्तुविशारद किंवा सल्लागार नेमायचा, निविदा काढायच्या, विकासक निवडण्याच्या सभेचे चित्रीकरण करायचे. सगळे पायरीपायरीने आणि लोकशाही पद्धतीने. या प्रत्येक पायरीवर कमिटीला कागदांचे डोंगर वाचायचे असतात. आणि कमिटी म्हणजे कोण, तर वर सांगितलेली तीन माणसे, जी गळतीच्या तक्रारींनी आणि रात्री साडेअकराच्या संदेशांनी आधीच पिचलेली आहेत. अशा वेळी कुणीतरी गोड बोलणारा गृहस्थ येतो. तो म्हणतो, ‘‘काका, तुम्ही कशाला त्रास घेता? कागदपत्रे मी तयार करून आणतो, तुम्ही फक्त सही करा.’’ काका खरोखरच दमलेले असतात. काका लबाड असतात असे नाही. पण आयुष्यभराच्या घराची किल्ली त्या सहीत असते.

इंटरनेटचे नियम बनवणाऱ्या जुन्या मंडळींनी या दुखण्यावर काही घरगुती औषधे शोधून ठेवली आहेत. एप्रिल १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर नावाच्या विद्यार्थ्याने पहिले टिपण लिहिले, तेव्हा आपण कुणाच्या अधिकारावर पाय तर देत नाही ना, या संकोचाने त्याने त्याला ‘अभिप्रायासाठी विनंती’ असे लाजरे नाव दिले. आज अशी हजारो टिपणे झाली आहेत. १९८६ पासून ज्या मंडळात त्यांवर काम चालते, ‘आयईटीएफ’ त्याचे नाव, तिथे प्रस्ताव कुणीही मांडू शकतो, वर्गणी नाही की सभासदत्व नाही. पण त्यांनी एक रिवाज घातला. मसुदा सहा महिन्यांत मावळतो. मांडणाऱ्याला तो जिवंत ठेवायचा असेल तर त्यानेच तो सुधारून पुन्हा आणायचा. कुणी त्याला नकार देत नाही, कुणाशी वाईटपणा येत नाही, आणि जुन्या प्रस्तावांचा ढीग कुणाच्या उशाशी राहत नाही. दुसरे असे की, नुसते बोलून भागत नाही, चालते करून दाखवावे लागते. तिथे मतदानही नाही. सभेचा कल पाहायचा तर सगळ्यांना तोंड मिटून गुणगुणायला सांगतात आणि कुठल्या बाजूची गुणगुण मोठी ते ऐकतात. आमच्या गच्चीवर हा प्रयोग करावा असे मला फार वाटते, पण दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गुणगुणण्याऐवजी भाषणच करतील.

हे वाचून कुणा अध्यक्षांना उकळ्या फुटत असतील तर जरा थांबा. ‘सूचना फार होतात’ ही सबब आजवर सर्वांत जास्त कुणी वापरली असेल तर ती खुर्ची न सोडणाऱ्यांनी. पंधरा-पंधरा वर्षे तेच अध्यक्ष, हिशेब मागितला की ‘‘तुम्ही येऊन काम करा मग,’’ हे ठरलेले उत्तर, अशा संस्थाही याच उपनगरांत पैशाला पासरी आहेत. हिशेब मागणे ही सूचना नाही, तो हक्क आहे, आणि त्यासाठी मागणाऱ्याने झाडू हातात घेतलाच पाहिजे अशी अट घालता येत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या आजींनी जिन्याला उतार करा म्हटले तर ‘‘कोण करणार ते सांगा,’’ असे त्यांना विचारणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. तेव्हा गाळणी लावायची ती लिफ्टच्या आरशाला. आजींच्या उताराला आणि खजिनदाराच्या वहीला ती लावायची नाही. दोहोंतला फरक ओळखायला कुठल्या उपविधीची गरज नाही, थोडी लाज असली की पुरते.

आणखी एक गोष्ट राहिलीच. दमलेल्या माणसाला जाऊ द्यायलाही शिकले पाहिजे. आपल्याकडे सेक्रेटरीने राजीनामा दिला की लोक त्याच्या घरी जाऊन, ‘‘तुमच्याशिवाय कसे होणार?’’ म्हणून तो मागे घ्यायला लावतात. यात कौतुक कमी आणि स्वतःची सुटका जास्त असते. मी दोनदा दिला, दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा माझ्या पत्नीने दार उघडून मंडळींना सांगितले की, ते झोपले आहेत. दुपारचे बारा वाजले होते. तिचेही बरोबर होते. नऊ वर्षे दारावर येणारा प्रत्येक प्लंबर, मीटर वाचणारा आणि तक्रारदार तिनेच आधी झेलला होता. संस्थेच्या कुठल्याच इतिवृत्तात तिचे नाव नाही. गल्लोगल्लीच्या एएलएममध्येही ओल्या-सुक्याचा खरा भार बायकांनीच उचलला, आणि पाटीवरची नावे मात्र बहुतेक पुरुषांचीच.

आमच्या संस्थेत गेल्या वर्षी नव्या सेक्रेटरीबाईंनी एक छोटा फेरफार केला. त्या बँकेतून निवृत्त झाल्या आहेत, त्यामुळे छापील फॉर्मवर त्यांचा विश्वास. सूचनेसाठी त्यांनी एक अर्धपानी फॉर्म काढला. सूचना काय, साधारण खर्च किती, आणि तिसरा रकाना : ‘या कामात आपण स्वतः काय कराल?’ हिशेबाच्या आणि दुरुस्तीच्या तक्रारींना हा फॉर्म लागत नाही, त्या साध्या कागदावर चालतात. फॉर्मवरची सूचना सहा महिन्यांत पुढे सरकली नाही तर रद्द समजायची आणि तसे फळ्यावर लिहायचे. रात्री नऊनंतर गटावर आलेल्या संदेशाला उत्तर नाही. पहिले दोन महिने या बाई फार आखडू आहेत, अशी कुजबुज झाली. मीही एकदा कुजबुजलो, खोटे कशाला बोलू?

या सप्टेंबरच्या सभेला तीसऐवजी सात सूचना आल्या. त्यांतली एक दुसऱ्या मजल्यावरच्या त्या भाषणवाल्या गृहस्थांची होती : टाकीचे पाणी सोडण्याच्या वेळा चुकतात, पंपाकडे कुणीतरी लक्ष द्यावे. तिसऱ्या रकान्यात त्यांनी, बहुधा रागाच्या भरात, ‘मी पाहतो’ असे लिहिले होते. बाईंनी सभेत ते मोठ्याने वाचून दाखवले आणि पंपघराची किल्ली तिथल्या तिथे त्यांच्या हातात ठेवली. तेव्हापासून पाणी सकाळी सहाला न चुकता येते. परवा जिन्यात भेटले तेव्हा मात्र चेहरा उतरलेला होता. मे महिन्यात मुलीकडे नाशिकला जायचे आहे, तीन आठवडे, आणि तोवर पंप कोण पाहणार हे ठरलेले नाही. माझ्याकडे पाहून ते थांबले. मी घाईघाईने म्हटले, बाईंना विचारा, त्यांच्याकडे फॉर्म आहे.